आपल्या पुस्तकाच्या मर्यादा कळविण्याबाबत

माणसाने एकोणसत्तराव्या वर्षी एम. ए. ला बसू नये, असा कुठे कायदा नाही. असता तर बरे झाले असते. मी कायदा मोडणारा माणूस नाही, त्यामुळे पुढचे सगळे टळले असते.

'सटीप ग्रंथसूची' हे शब्द मी खारघरच्या आमच्या कॉलेजात, शेवटच्या बाकावर बसून, पहिल्यांदा ऐकले. आपल्या विषयावरच्या पुस्तकांची यादी करायची आणि प्रत्येक पुस्तकाखाली एक टीप लिहायची. पुस्तकात काय आहे, त्याचा उपयोग काय, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या. मला वाटले, हे काम जणू माझ्यासाठीच काढले आहे. पाणीपुरवठ्याच्या सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे मी याद्याच तर केल्या. विहिरींच्या याद्या, पंपांच्या याद्या, आणि एकदा तर हरवलेल्या याद्यांची यादी. म्हणून विषयही पाण्याचाच घेतला: पनवेल परिसरातील तळी, विहिरी आणि झरे यांवरचे मराठी लेखन. बारा पुस्तके मिळाली. ती बाराही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कोणालाच खरे वाटेना.

आमच्या आभा मॅडम एकतीस वर्षांच्या आहेत. त्या मला 'सर' म्हणतात, मी त्यांना 'मॅडम' म्हणतो. मला पाहून त्या उभ्या राहतात, त्यांना पाहून मी उभा राहतो, आणि आधी कोणी बसायचे यात तासाची चार मिनिटे जातात. मी दिलेला पहिला कच्चा मसुदा त्यांनी उभ्या उभ्याच परत दिला. बाराही टिपांखाली लाल शाईत एकच वाक्य होते. 'मत कुठे आहे?'

आता यात माझी बाजूही ऐकून घ्या. पहिल्या पुस्तकाखाली मी 'पुस्तक चांगले आहे' असे लिहिले होते. दुसऱ्याखाली 'हेही पुस्तक चांगले आहे.' सहाव्यापर्यंत ते मलाच एकसुरी वाटू लागले, म्हणून सातव्याखाली 'पुस्तक चांगले असून उपयुक्त आहे' असे धाडस केले. हे मत नव्हे तर काय?

"सर, बाराच्या बारा चांगली?" मॅडमनी विचारले.

"लोकांनी कष्टाने लिहिली आहेत हो."

"प्रत्येकाची एक तरी मर्यादा लिहा. तुमच्या मनाची. शनिवारी पाचपर्यंत. पाचनंतर सिस्टिम लॉक होते, मग इंटर्नलला शून्य आणि हॉल तिकीट येत नाही. मलाही काही करता येणार नाही."

घरी आल्यावर मी शशिकलेला सांगितले. माझ्या पत्नीला माझ्याबद्दल बरीच माहिती आहे.

"तुमच्याच्याने हे व्हायचं नाही," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं विचारतेय, पोह्यात मीठ बरोबर आहे का. 'ठीक आहे.' एकदा तर मीठ घातलंच नव्हतं. तेव्हाही 'ठीक आहे'!"

त्या दिवशी मीठ नव्हते हे मला कळले होते. पण तिच्या माहेरची माणसे बसली होती.

लिफ्टमध्ये गुरुदत्त भेटले. हे आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीचे अध्यक्ष, वय बावन्न. जगातल्या कुठल्याही अडचणीवर उपाय त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो, म्हणजे मोबाइल.

"काका, ह्यात काय एवढं? मोबाइलला सांगा, दोन मिनिटांत बारा मर्यादा काढून देतो. माझ्या पोराचा अख्खा प्रोजेक्ट तसाच झाला."

"पण त्याने पुस्तके वाचली आहेत का?"

"कोणी, पोराने?"

"मोबाइलने."

"काका," गुरुदत्त हसून म्हणाले, "वाचतो कोण हल्ली?"

आता गुरुदत्त हे तर माझ्या बारा लेखकांपैकी एक होते. सोसायटीच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी 'रौप्यधारा' नावाची स्मरणिका काढली होती, आणि तिच्यात आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर त्यांचा स्वतःचा चाळीस पानी लेख होता.

दोन दिवस मी मर्यादा शोधत बसलो. बारांपैकी नऊ लेखक दिवंगत असल्याने त्यांच्या बाबतीत मी बराच निर्भय झालो. एकाखाली 'छपाई फिकट आहे' असे स्पष्ट लिहिले. दुसऱ्याखाली 'तळ्याचा नकाशा उलटा छापला आहे, तथापि पुस्तक फिरवून धरल्यास अडचण येत नाही' असे लिहिले, आणि मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली. उरले तीन हयात लेखक. गुरुदत्त, नेऱ्याचे महादेव आणि आमचे अय्यूबभाई. त्यांच्याही मर्यादा कशाबशा लिहिल्या. पण लिहिल्यावर जेवण जाईना.

कारण आमच्या कचेरीत एक नियम होता. एखाद्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा लिहिला, तर तो त्याला लेखी कळवावा लागे आणि त्याचा खुलासा घ्यावा लागे. न कळवलेला शेरा कोणी धरत नसे. आता मर्यादा म्हणजे दुसरे काय? एखाद्याच्या पाठीमागे त्याच्या पुस्तकावर शेरा मारून मी एम. ए. होणार? ते माझ्याने झाले नसते. मी तीन पत्रे लिहिली.

'विषय: आपल्या पुस्तकाच्या मर्यादा कळविण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आपल्या पुस्तकात खालील मर्यादा आढळून आली आहे. याबाबत आपला लेखी खुलासा पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत सादर करावा. विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.'

मला हे पत्र फार सौम्य वाटले. पुढील कार्यवाही म्हणजे मी ती टीप सुवाच्य अक्षरात उतरवून काढणार होतो, एवढेच.

मंगळवारी पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीने पहिला लिफाफा उलटसुलट पाहिला.

"काका, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच आहे."

"नाही. ते दुसरा मजला, मी तिसरा."

"मग जाता जाता देऊन टाका ना!"

"पोच हवी आहे."

तिने माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रांगेकडे पाहिले, आणि स्पीड पोस्टाचा शिक्का मारला.

बुधवारी पत्रे पोचली. हे मला सांगावे लागले नाही. दुपारी चार वाजता बेल वाजली. दारात गुरुदत्त होते, आणि मेलेल्या उंदराला शेपटीने धरावे तसे त्यांनी पत्र धरले होते.

"काका, 'पुढील कार्यवाही' म्हणजे काय? निबंधकाकडे जाणार का तुम्ही?"

"नाही हो, कॉलेजचे..."

"तुम्हाला कमिटीत यायचंय? सरळ सांगा. पार्किंगचं काही म्हणणं असेल तर तेही सांगा. पण हे असं पोस्टाने? एका जिन्याच्या अंतरावर?"

"गुरुदत्त, तुमच्या लेखात टाकीची क्षमता तीन ठिकाणी तीन आहे. पान चारवर चाळीस हजार लिटर, पान नऊवर पन्नास आणि पान एकतीसवर साठ. इतकेच माझे म्हणणे."

त्यांनी पत्र उलटून पाहिले. मग संशयाने म्हणाले, "तुम्ही पान एकतीसपर्यंत वाचलंत?"

"चाळीसपर्यंत."

"का?"

मी त्यांना पान एकतीस उघडून दाखवले.

टाकी आत्ताच्या आत्ता मोजायची, असे त्यांनी ठरवले. शशिकलेची ब्लाउज शिवायची टेप घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. पाणी हलू नये म्हणून त्यांनी पाइपाचे व्हॉल्व्ह बंद केले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकले: 'विनायक काकांच्या तक्रारीवरून टाकीची मोजणी. पाणी बंद.' अठ्ठेचाळीस घरांत साबण लावून कितीजण उभे होते मला माहीत नाही, पण माझे नाव इतक्या मोठ्याने, इतक्या खिडक्यांतून, मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते. मी शिडीवर चढून, झाकण उघडून, आत वाकून टेपचा आकडा वाचू लागलो, आणि माझा चष्मा टाकीत पडला.

आता पाणी पिण्याचे. चष्मा काढायला टाकी उपसावी लागणार, आणि टाकी उपसली तर दोन दिवस पाणी नाही. गच्चीवरच तातडीची सभा भरली. अकरा विरुद्ध तीन मतांनी चष्मा आतच राहू द्यावा, असा ठराव मंजूर झाला. तिघांमध्ये मी होतो. मापावरून टाकी निघाली चौतीस हजार लिटरची. गुरुदत्तांनी तिथेच लेखी खुलासा दिला: 'चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.' मी तो पोच देऊन घेतला आणि जुना चष्मा शोधायला घरी आलो. जुन्या चष्म्यातून जवळचे बरे दिसते. लांबचे आणि खालचे यांची मात्र गल्लत होते. हे लक्षात ठेवावे.

पण त्या संध्याकाळी खरा घोर निराळाच लागला. अय्यूबभाई वडाळे तळ्यावर आले नाहीत.

अय्यूबभाई बावीस वर्षे कुवेतला होते. परत आल्यावर त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या विहिरींवर 'मोहल्ल्यातले आड' हे ऐंशी पानांचे पुस्तक लिहून स्वतःच छापले. गेली बारा वर्षे आम्ही दोघे रोज संध्याकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारतो. दोघेही अबोल. पहिल्या फेरीत हवा, दुसऱ्या फेरीत गुडघे, एवढेच विषय. बारा वर्षांत आम्ही एकमेकांना 'अहो'वरून 'अरे'वर आणलेले नाही, आणि मला दुसरा मित्र नाही. त्यांच्या पुस्तकाखाली मी लिहिले होते, 'लेखकाने सतरा आडांचे वर्णन केले असून सतराही आडांचे पाणी गोड असल्याचे म्हटले आहे. खाडीच्या इतक्या जवळ एकही आड खारा नसावा, हे पटत नाही.'

गुरुवारीही ते आले नाहीत. फोन केला तर वाजून बंद झाला. मी एकट्याने एक फेरी मारली. हवा बरी होती, पण ते सांगणार कोणाला?

शुक्रवारी सकाळी नेऱ्याचे महादेव आले. भातशेती करणारे गृहस्थ. डोंगराखालच्या झऱ्यांवर त्यांची छोटी पुस्तिका आहे. दारात त्यांनी वालाच्या शेंगांनी भरलेली गोणी ठेवली आणि हात जोडले.

"सायेब, झरे घेनार काय सरकार?"

"अहो, मी सरकार नाही! मी विद्यार्थी आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. "नोटीस तर सरकारीच हाय. आमच्या गावात तीन जनांनी वाचली."

मी त्यांना शांतपणे समजावले. झऱ्याचे ठिकाण 'काकाच्या आंब्याखाली' असे दिल्याने बाहेरच्या वाचकाला ते सापडणे कठीण, एवढीच मर्यादा होती.

"काकाचा आंबा सगल्यांना म्हायती हाय!"

"मला नाही."

"मंग चला, दाखवतो."

नाही म्हणणे मला कधी जमलेले नाही. जागेवरच टीप दुरुस्त करता यावी म्हणून सगळे हस्तलिखित खांद्यावरच्या शबनम पिशवीत घातले आणि महादेवांच्या मोटरसायकलवर मागे बसलो. जाऊन पाहतो तर काकाचा आंबा नव्हताच. तिथे एक फार्महाउस होते, त्याला फाटक होते आणि फाटकाला रखवालदार होता.

"आंबा तोडला चार वर्षं झाली," रखवालदार म्हणाला.

"बगा!" मी काही बोलायच्या आत महादेवच म्हणाले. "आंबा तोडला. माजं पुस्तक त्याच्या आधीचं हाय. पन झरा काय तोडता येतो काय? ते बगा, भिंतीच्या मागं."

मी पाहायला पुढे झालो. झरा पायरीभर खाली असावा असे जुन्या चष्म्यातून दिसत होते. तो पुरुषभर खाली होता. मी आणि शबनम दोघेही आत गेलो. पाणी छातीपर्यंत आणि अत्यंत थंड होते.

"पानी हाय ना सायेब?" वरून महादेवांनी विचारले.

"आहे," मी म्हणालो. यावरून पुस्तकाची मर्यादा सिद्ध झाली की पुस्तकच खरे ठरले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. रखवालदाराने बागेची नळी सोडून मला वर काढले.

मी शाईच्या पेनाने लिहितो. शनिवारी सकाळी शशिकलेने गॅलरीतल्या दोरीवर पाने चिमट्यांनी वाळत घातली. हयात लेखकांच्या टिपा तळाशी असल्याने कशाबशा वाचता येत होत्या. नऊ दिवंगतांच्या मर्यादा मात्र पार धुऊन गेल्या होत्या. त्यांनीही आपला खुलासा दिला, असे मी समजलो. पण शनिवार होता आणि पाच वाजायचे थांबणार नव्हते. मी आठवून आठवून पुन्हा लिहू लागलो. शशिकला एकेक पान इस्त्री करून देत होती आणि वाचतही होती.

"नकाशा उलटा आहे, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तुम्ही?"

साडेतीनला अकरा टिपा झाल्या. बारावी अय्यूबभाईंची. मी पेनाला टोपण लावले.

"काढून टाका ना ती मर्यादा," शशिकला हळूच म्हणाली. "अकरा पुस्तकांत तर लिहिलंत. एकाखाली 'पुस्तक चांगले आहे' म्हटलंत तर काय बिघडणार आहे? मॅडम एवढ्याने नापास नाही करणार. दोस्त कुठून आणाल?"

मी पेन्सिलीने 'पुस्तक चांगले आहे' असे लिहिले. शाईने लिहवेना. रिक्षा केली आणि खारघरला निघालो. वाटेभर ते वाक्य इस्त्रीच्या कडक कागदावरून माझ्याकडे पाहत होते.

चार चाळीसला कॉलेजच्या फाटकाशी उतरलो. बाहेरच्या कट्ट्यावर अय्यूबभाई बसले होते. काखेत फाइल, आणि बाजूला प्लास्टिकच्या तीन बाटल्या.

"या विनायकराव," ते उभे राहत म्हणाले. मीही सवयीने उभा राहिलो, म्हणजे होतोच. "बुधवारी पत्र मिळालं. तीन दिवसांची मुदत, म्हणजे आज. काम कॉलेजचं, म्हणून खुलासा कॉलेजातच सादर करावा म्हटलं. तकलीफ नको."

"अय्यूबभाई, ते मी काढून टाकलं आहे. मला क्षमा..."

"काढलं?" त्यांचा चेहरा उतरला. "तीन दिवस मी सतरा आड फिरलो ना! बायकोनं, शमानं, डबा बांधून दिला. दोन आड बुजवलेत. बाकीच्यांचं पाणी चाखलं. पोट बिघडलं, म्हणून फोन नाही घेतला. हे बघा." त्यांनी बाटल्या ओळीने मांडल्या. "चाखा."

मी एक घोट घेतला. खारट होते. दुसरे त्याहून खारट होते. तिसऱ्याबद्दल न बोललेले बरे. फाटकावरचा वॉचमन आमच्याकडे येऊ लागला.

"लिहिताना मालूम होतं मला," अय्यूबभाई खाली पाहत म्हणाले. "पण तिन्ही आडांचे मालक हयात आहेत. रोजची सलाम-दुआ. खारट कसं लिहू? मग सगळेच गोड लिहिले."

हा माणूस माझ्या कचेरीत असता तर आम्ही दोघांनी मिळून एकही शेरा न मारता निवृत्ती घेतली असती.

"दोनशे प्रती वाटल्या, विनायकराव. सगळे म्हणाले, माशाल्लाह, किताब चांगली आहे. मोहल्ल्यातल्या लोकांना घरचं पाणी माहीत आहे, तरी एकानंसुद्धा विचारलं नाही की खारट आड गेले कुठे. सहा वर्षांत." त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. "तुम्ही वाचलीत."

मी खोडरबर काढले. अय्यूबभाई वळून वाकले आणि मी त्यांच्या पाठीवर कागद ठेवून शाईने लिहू लागलो.

"जरा सक्त लिहा," पाठ म्हणाली.

'हे पटत नाही' खोडून मी 'ही गंभीर उणीव आहे' असे लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा 'गंभीर' हा शब्द मी कोणाबद्दल वापरला, आणि तो त्या माणसाच्या पाठीवरच.

चार बावन्नला ऑफिसात पोचलो, तर हातात कागद घेत नाहीत, पीडीएफ चढवा, असे कळले. अय्यूबभाईंनी कुवेतच्या अनुभवाच्या जोरावर मोबाइलने एकेका पानाचे फोटो काढले. इस्त्रीमुळे पाने सपाट होती, याचे श्रेय शशिकलेला. चार अठ्ठावन्नला सूची गेली. वॉचमनने बाटल्या जप्त केल्या.

पंधरा दिवसांनी मॅडमनी तपासलेल्या सूच्यांच्या छापील प्रती दाखवल्या. प्रत्येकाने आपले गुण पाहायचे आणि तक्त्यात 'मूल्यमापन पाहिले, हरकत नाही' या रकान्यात सही करायची. मुले न पाहताच सह्या करून चहाला पळत होती. माझी पाळी आली. मॅडम उभ्या राहिल्या. मला वीसपैकी चौदा होते. हॉल तिकीट नक्की झाले. खाली लाल शाईत लिहिले होते, 'सूची चांगली आहे.'

मी ते दोनदा वाचले. मग चष्मा पुसून, हा नवा चष्मा, तिसऱ्यांदा वाचले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात मी कधीही न लिहिलेले दोन शब्द त्या रकान्यात लिहिले: 'हरकत आहे.' आणि खाली, 'मत कुठे आहे?'

मॅडमनी ते वाचले. कान लाल झाले. माझेही.

"सर, चौऱ्याण्णव पेपर आहेत हो," त्या हळूच म्हणाल्या.

"कळतं मॅडम. पण एक तरी मर्यादा लिहा."

तिसऱ्या दिवशी मला स्पीड पोस्टाने एक पाकीट आले. आत अडीच पाने मर्यादा होत्या, अगदी आठव्या टिपेतल्या चुकलेल्या सनापर्यंत. गुण एकाने कमी करून तेरा केले होते. संध्याकाळी तळ्याच्या पहिल्या फेरीत मी ते पत्र अय्यूबभाईंना वाचून दाखवले. हवा आणि गुडघे दोन्ही राहून गेले.

"बाईंनी वाचलंय बरं का," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकलेने पोहे पुढे ठेवले आणि सवयीने विचारले, "मीठ बरोबर आहे?"

मी घास खाल्ला. थोडा विचार केला. माहेरचे कोणी नव्हते.

"कमी आहे," मी म्हणालो.

तिने झारा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

"लेखी कळवा," ती म्हणाली. "तीन दिवसांत खुलासा देते."